सोळा तासांची रात्र आणि इकॉनॉमीची सीट: पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पहिल्यांदा अमेरिकेला निघालो, तेव्हा सीट आपण निवडायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तिकीट एजंटाने काढलं, काउंटरवर हातात दिले ते बोर्डिंग पास घेतले आणि रात्री दीडच्या विमानात शेवटच्या रांगेत, मधल्या चार सीटांपैकी मधल्या दोन सीटांवर जाऊन बसलो. सीट मागे जाईना, कारण पाठीला भिंत होती आणि भिंतीपलीकडे टॉयलेट. दर पाच-दहा मिनिटांनी दार उघडायचं, पांढऱ्या दिव्याचा पट्टा ह्यांच्या तोंडावर पडायचा, मग फ्लशचा तो खस्सकन हवा ओढल्याचा आवाज, की पुन्हा दार. माझ्या पायांशी पुढच्या सीटखाली लोखंडी डबा होता, त्यामुळे उजवा पाय सरळ करता येत नव्हता. गुडघा तेव्हा नुकताच दुखायला लागला होता. शेजारचा मुलगा गाढ झोपलेला. त्याला उठवायचा संकोच वाटला आणि मी जवळजवळ सहा तास जागची हलले नाही. न्यूयॉर्कला उतरले तेव्हा पाय इतके सुजले होते की बूट चढेनात.

त्यानंतर आमच्या सहा फेऱ्या झाल्या. दरवेळी थोडं थोडं शिकत गेले. आता बिल्डिंगमध्ये, नात्यात कोणीही मुलाकडे-मुलीकडे निघालं की सीटचं विचारायला माझ्याकडे येतात. तेच सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या आई-बाबांसाठी, आणि त्याहून जास्त, परदेशात बसून आई-बाबांची तिकिटं काढणाऱ्या मुलांसाठी.

१. तिकीट काढण्याआधी विमान कोणतं ते बघा

बहुतेक जण आधी भाडं बघतात, मग वेळ, आणि सीटचा विचार जमलंच तर शेवटी. लांबच्या रात्रीच्या प्रवासाला हा क्रम थोडा बदलायला हवा. दोन तिकिटांत दोन-तीन हजारांचाच फरक असेल, तर ज्यात विमान चांगलं ते घ्या.

विमान ओळखायचं ते एका रांगेत किती सीटा आणि कशा मांडल्या आहेत यावरून. लांब पल्ल्याच्या विमानांत दोन वाटा असतात आणि सीटांचे तीन गट पडतात. इकॉनॉमीत नेहमी दिसणारी मांडणी अशी:

– बोइंग ७७७: आता बहुतेक कंपन्यांकडे ३-४-३, म्हणजे रांगेत दहा जण. एमिरेट्सच्या ७७७ मध्ये हीच मांडणी आहे. सीटची रुंदी साधारण १७ इंच.
– बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर: जवळजवळ सगळीकडे ३-३-३. रुंदी १७ इंचांच्या आसपासच.
– एअरबस ए३५०: बहुतेक ठिकाणी ३-३-३. एअर इंडियाच्या ए३५० मध्येही अशीच. सीट साधारण १८ इंच.
– एअरबस ए३३०: २-४-२. इथेही १८ इंचांच्या जवळपास.
– एअरबस ए३८०, ते दुमजली विमान: खालच्या मजल्यावर ३-४-३, पण विमानच रुंद असल्याने सीट ७७७ पेक्षा ऐसपैस.

एक इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. सोळा तास दोन्ही दंड शेजाऱ्यांना लागत असतात तेव्हा तो इंच कळतो.

७८७ आणि ए३५० ची आणखी एक गोष्ट आहे. जुन्या विमानांत आत हवेचा दाब साधारण आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात, या दोन्हींत तो सहा हजार फुटांच्या आसपासचा असतो. हवाही थोडी कमी कोरडी असते. ज्यांचं विमानातून उतरल्यावर डोकं धरतं, नाक-घसा सुकतो, त्यांना हा फरक जाणवतो. मला जाणवला.

विमानाचं नाव कुठे सापडेल? गूगल फ्लाइट्सवर फ्लाइटचा तपशील उघडला की विमानाचा प्रकार आणि पायाला जागा किती इंच, दोन्ही दिसतं. ही 'पायाला जागा' म्हणजे तुमच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर. इकॉनॉमीत ते साधारण ३१-३२ इंच असतं, पण पुढच्या सीटची जाडी त्यातच मोजलेली असते. घरात कोणी उंच असेल तर त्यांना भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसवा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेप लावा. आमच्या ह्यांचं अंतर २५ इंच भरलं. तेव्हापासून ३० इंचांचं विमान आम्ही घेत नाही.

२. सीटांचा नकाशा वाचायला शिका

सीटला रांगेचा आकडा आणि एक अक्षर असतं. अक्षरं विमानाच्या तोंडाकडे बघत बसलेल्या माणसाच्या डावीकडून सुरू होतात. ३-४-३ मध्ये डावीकडे ए, बी, सी. मध्ये डी, ई, एफ, जी. उजवीकडे एच, जे, के. 'आय' हे अक्षर वगळतात, कारण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं. म्हणजे ए आणि के खिडक्या, सी, डी, जी, एच वाटेकडच्या, म्हणजे आइल सीटा, उरलेल्या मधल्या. ३-३-३ मध्ये मधल्या गटाची अक्षरं कंपनीगणिक थोडी बदलतात, तिथे नकाशावर वाट कुठे आहे ते बोट ठेवून बघा.

रांगांचे आकडेही सलग असतीलच असं नाही. लुफ्तान्झाच्या विमानांत १३ आणि १७ नंबरच्या रांगाच नसतात. म्हणून 'चाळिसावी रांग म्हणजे फार मागे' असा आकड्यावरून अंदाज बांधू नका, नकाशावर बघा.

कंपनीच्या वेबसाइटवरचा नकाशा ढोबळ असतो. सगळ्या सीटा सारख्याच चौकोनी दाखवतात, टॉयलेट-पँट्रीच्या खुणा पुसट असतात, खिडकी खरोखर आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी एरोलोपा नावाची वेबसाइट आहे. तिथे कंपनी आणि विमान निवडलं की मापात काढलेला नकाशा मिळतो: खिडक्या कुठे, टॉयलेट कुठे, कोणती रांग भिंतीला टेकलेली, सगळं. एकाच कंपनीकडे एकाच नावाच्या विमानाच्या दोन-तीन वेगवेगळ्या मांडण्या असू शकतात. एका खिडकीत कंपनीचा नकाशा आणि शेजारी हा नकाशा उघडून रांगांचे आकडे जुळतात का ते पडताळा. दहा मिनिटांचं काम आहे, तेवढी द्याच.

३. आता बसणारं माणूस कोण ते ठरवा

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लोक नेमका हाच गाळतात. 'खिडकी चांगली की आइल?' असं मला विचारतात. मी उलट विचारते, गुडघा कोणता दुखतो?

*साठीच्या पुढचे, मधुमेह, प्रोस्टेट, पाय सुजणं, गुडघे:* आइल. यात तडजोड नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रवासाच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले होते: चार तासांहून जास्त प्रवासात बसून राहिल्याने पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात धोका लहान आहे, सहा हजारांत एक असा, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालायला हवं, आणि मधल्या सीटवरचा भिडस्त माणूस उठत नाही. मी उठले नव्हते.

आता गुडघा. सी आणि जी या सीटांना वाट उजव्या हाताला असते, म्हणजे उजवा पाय वाटेत थोडा लांब करता येतो. डी आणि एच ला वाट डाव्या हाताला, तिथे डावा पाय मोकळा होतो. माझा उजवा गुडघा, म्हणून मी सी किंवा जी घेते. फक्त ट्रॉली येताना पाय आत घ्यायची आठवण ठेवा. अंधारात ती फार हळू आवाज करत येते आणि लागली तर चांगलीच लागते.

आइलमध्येही फरक असतो. ३-४-३ मध्ये सी वर बसलात तर ए आणि बी दोघंही तुम्हाला उठवून बाहेर पडणार. डी किंवा जी वर बसलात तर एकच, कारण ई डीच्या बाजूने जातो आणि एफ जीच्या बाजूने. सोळा तासांत हे गणित मोठं होतं: दोन माणसं तीन-तीन वेळा उठली तर तुमची झोप सहा वेळा मोडते. ३-३-३ च्या मधल्या गटात तर आणखी बरं, मधला माणूस दोन्हींपैकी कुठूनही जाऊ शकतो. म्हणून झोप हवी, पण उठायलाही लागतं, अशा माणसाला मी मधल्या गटातली आइल सांगते. खिडकीचं सुख नाही, पण रात्री खिडकीतून काय दिसणार?

*तरुण, एकदा झोपला की सकाळीच उठणारा:* खिडकी. टेकायला भिंत मिळते, कोणी उठवत नाही. डाव्या कुशीवर कलंडून झोपायची सवय असेल तर ए, उजव्या कुशीची असेल तर के. खिडकीपाशी विमानाची भिंत रात्री गार पडते. शाल त्या बाजूने खोचून घ्या.

*नवरा-बायको दोघं:* ए३३० असेल तर बाजूच्या दोन सीटा, प्रश्नच मिटला. ३-४-३ च्या ७७७ मध्येही बऱ्याच कंपन्यांकडे शेपटीजवळच्या दोन-तीन रांगांत विमान निमुळतं होतं तिथे बाजूला तीनऐवजी दोनच सीटा बसवलेल्या असतात. खिडकी आणि सीट यांच्या मधल्या फटीत हातातली पिशवीही राहते. या रांगा जोडप्यांसाठी फार चांगल्या, फक्त अगदी शेवटची सोडून. अशा सीटा नसतील तर आम्ही सी आणि डी घेतो: एकाच रांगेत, मध्ये वाट, दोघंही आइलवर. गोळी द्यायची, चष्मा मागायचा, हात लांब केला की झालं. दोघांनी शेजारी बसायचा हट्ट धरला की एकाच्या वाट्याला मधली सीट येते, आणि तो एक कोण असतो हे घराघरातल्या बायकांना माहीत आहे.

ए आणि सी घ्यायची, बी रिकामी राहील या आशेवर, अशी एक युक्ती सांगतात. आडदिवसात, मागच्या रांगांमध्ये ती कधीकधी लागू पडते. मे-जूनमध्ये आणि डिसेंबरात मुंबईहून निघणारी विमानं भरलेली असतात, तेव्हा बी वर कोणीतरी येणारच. आलेल्या माणसाला खिडकी किंवा आइल देऊ केली तर तो आनंदाने घेतो, एवढं खरं.

*तान्हं बाळ बरोबर:* भिंतीसमोरची रांग, जिथे भिंतीला बाळाचा पाळणा लावतात. पाळण्याला वजनाची आणि लांबीची मर्यादा असते आणि पाळणे मोजकेच असतात, म्हणून तिकीट काढल्याच्या दिवशीच फोन करून मागणी नोंदवा. आणि ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी या रांगेपासून चार-पाच रांगा लांब बसावं. दाब बदलला की बाळांचे कान दुखतात, ती रडणारच. त्यांच्या आयांकडे रागाने बघण्यापेक्षा आपणच जागा बघून घेतलेली बरी.

४. या सीटा टाळा

शेवटची रांग: सीट मागे जात नाही किंवा जेमतेम जाते. टॉयलेटच्या पुढची आणि पँट्रीच्या लगतची रांग: रात्रभर दिवा, पडद्याची सरसर, रांगेत उभे राहिलेले लोक तुमच्या सीटच्या पाठीला हात टेकतात. टॉयलेट चार-पाच रांगांवर असावं, उशाशी नको. इमर्जन्सी दाराच्या लगेच पुढच्या रांगेतल्या सीटाही कधीकधी मागे जात नाहीत. आणि खिडकीची म्हणून घेतलेली पण खिडकीच नसलेली सीट, ती फक्त मापातल्या नकाशावरच कळते.

पुढच्या सीटखाली तो लोखंडी डबा असतो, स्क्रीनच्या यंत्रणेचा. तो कोणत्या सीटखाली आहे हे अभिप्रायांत लोक लिहितात. नवीन विमानांत हे डबे लहान झालेत किंवा गेलेतच.

विमान हलतं त्याची भीती वाटत असेल तर पंखाजवळ बसा. तिथे हेलकावा सगळ्यात कमी, शेपटीत सगळ्यात जास्त. आवाजाचा त्रास असेल तर इंजिनाच्या पुढे. इंजिनामागे घरघर वाढते. पुढे बसण्याचा आणखी एक फायदा: उतरताना लवकर बाहेर पडता. न्यूयॉर्कला इमिग्रेशनच्या रांगेत तुमच्या पुढे दोनशे माणसं कमी असणं ही रात्रभराच्या जागरणानंतर मोठी गोष्ट आहे.

५. 'जास्त जागा' वाल्या सीटांचा मोह

नकाशावर वेगळ्या रंगात, वेगळ्या दरात दोन प्रकार दिसतात: इमर्जन्सी दाराजवळची रांग आणि भिंतीसमोरची रांग. पाय लांब करता येतात हे खरं. पण पैसे भरण्याआधी एवढं वाचा.

दोन्हीकडे टेबल आणि बहुधा स्क्रीनही हाताच्या दांडीत घडी करून ठेवलेला असतो. त्यामुळे दांडी जाड आणि पक्की असते, वर होत नाही, आणि बसायची रुंदी कमी होते. अंगाने भरलेल्या माणसाला ती सीट रात्रभर कुल्ल्यांना रुतते. समोर सीट नसल्याने उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पर्ससुद्धा वरच्या कप्प्यात ठेवावी लागते; औषधं, चष्मा खिशात घ्या. दारापाशी थंडीही जास्त वाजते. भिंतीसमोर पाय पूर्ण लांब होतात असंही नाही, भिंत किती लांब आहे ते नकाशावर बघा.

दाराजवळची सीट सगळ्यांना देतही नाहीत. संकटात दार उघडायला, इतरांना मदत करायला जमेल अशाच माणसाला ती मिळते. लहान मुलं, गर्भवती, बाळ बरोबर असलेले, पट्ट्याला जोडपट्टा लागणारे यांना नाही. आणि आपल्याकडे हमखास होणारी चूक इथेच होते: मुलं आई-बाबांसाठी व्हीलचेअर मागतात आणि प्रेमाने दाराजवळची महागडी सीटही घेतात. व्हीलचेअर मागितलेल्या माणसाला त्या रांगेत बसू देत नाहीत. ऐन वेळी उठवून जी उरली असेल ती सीट देतात. दोन्हींपैकी एकच निवडा. वय झालेल्यांसाठी व्हीलचेअर आणि साधी आइल, हेच बरोबर.

६. पैसे कधी भरायचे, कधी थांबायचं

सगळ्यात स्वस्त भाड्यात बऱ्याचदा सीट निवडायची सोय नसते किंवा तिचे वेगळे पैसे पडतात. तिकिटाची तुलना करताना हे पैसे मिळवूनच करा. वेब चेक-इन सुरू झालं की उरलेल्या सीटा अनेक कंपन्या फुकट देतात. कंपनीनुसार ते सुटायच्या २४ ते ४८ तास आधी उघडतं. तरुण आणि एकटे असाल, आडदिवस असेल, तर तेवढं थांबायला हरकत नाही. घड्याळ लावून, उघडल्या मिनिटाला बसा.

गुडघेदुखी, दोघांनी जवळ बसायचं, सुट्ट्यांचा मोसम, यातलं एकही असेल तर तिकीट काढतानाच पैसे भरा. मी यात काटकसर करत नाही.

मध्ये थांबा असेल तर दोन फ्लाइटच्या सीटा वेगवेगळ्या निवडाव्या लागतात. पहिल्या फ्लाइटची सीट निवडून 'झालं' म्हणून पान बंद करणारे मी पाहिलेत. मुंबई-दुबई सव्वातीन तासांचं आहे, तिथे कुठेही बसा. पैसे पुढच्या लांब टप्प्यासाठी राखा.

७. पीएनआरचा घोळ

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, याला कोडशेअर म्हणतात. तिकिटावर बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' असं लिहिलेलं असतं. सीट निवडायची ती ज्यांचं विमान उडणार आहे त्यांच्या वेबसाइटवर, आणि त्यांचा पीएनआर अनेकदा वेगळा असतो. तो तिकीट देणाऱ्या कंपनीला फोन करून मागून घ्या. एजंटाकडून तिकीट असेल तर एजंटाचा बुकिंग नंबर आणि कंपनीचा सहा अक्षरांचा पीएनआर हे दोन वेगळे असतात, हेही लक्षात ठेवा.

आई-बाबांची तिकिटं दोन वेगळ्या पीएनआरवर असतील तर कंपनीला दोघं एकत्र आहेत हे कळत नाही. फोन करून दोन्ही जोडून घ्या. आमच्या शेजारच्या काकू आणि काका याच कारणाने वीस रांगांच्या अंतरावर बसून गेले. काकूंच्या औषधांची पिशवी काकांकडे होती.

८. सीट घेतली म्हणजे संपलं असं नाही

कंपनी विमान बदलते. ७८७ च्या जागी ७७७ आलं की नकाशाच बदलतो आणि तुमची मेहनतीने निवडलेली सीट दुसऱ्याच कुठल्यातरी आकड्यावर जाते. याचा ईमेल येईलच याचा भरवसा नाही. मी महिन्यातून एकदा, मग आठवडाभर आधी, मग तीन दिवस आधी बुकिंग उघडून सीट तीच आहे का बघते. एका फेरीला असं आढळलं की आमच्या सी-डी च्या जागी दोघांना मागच्या ई आणि एफ दिल्या आहेत. फोनवर पाऊण तास गेला, पण सीटा परत मिळाल्या. विमानतळावर कळलं असतं तर मिळाल्या नसत्या. कंपनीने सीट बदलली आणि तशीच दिली नाही, तर भरलेले पैसे मागा, पावती जपून ठेवा.

जेवणाची मागणीही याच वेळी बघून घ्या. शाकाहारी, जैन, मधुमेहाचं असं खास जेवण किमान २४ तास आधी नोंदवावं लागतं आणि ते सगळ्यांच्या आधी हातात येतं. रात्री दोनच्या विमानात ट्रॉली तुमच्यापर्यंत यायला साडेतीन वाजतात. खास जेवणवाला तोवर जेवून डोळे मिटतो.

९. जवळ काय ठेवायचं

कागदपत्रं एका फोल्डरमध्ये, छापील: पासपोर्ट, व्हिसा, तिकिटाची प्रत, ज्यांचं विमान त्यांचा पीएनआर, सीटच्या पैशांची पावती, व्हीलचेअर आणि जेवणाच्या मागणीचा ईमेल, प्रवासविम्याची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या नावांसह, पोहोचायच्या ठिकाणचा पत्ता-फोन. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

सीटवर हाताशी: दोन दिवसांची औषधं, पायमोजे, शाल, कानातले बोळे, डोळ्यांवरची पट्टी, मानेची उशी, रिकामी बाटली जी सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्यायची. पायात सैल बूट. पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती जवळच्या बॅगेत. पाय सुजत असतील तर दाबाचे मोजे, पण डॉक्टरांना विचारूनच.

१०. सीटवर बसल्यानंतर

आइलच्या बाजूची हाताची दांडी वर होत नाही असं सगळ्यांना वाटतं. बऱ्याच विमानांत होते. दांडीच्या खालच्या अंगाला, सीटच्या पाठीकडच्या सांध्याजवळ बोटांनी चाचपा, एक छोटं बटण किंवा खाच लागेल. ती दाबून दांडी उचला. गुडघे दुखणाऱ्याला दांडीवरून पाय न उचलता कडेने सरळ वाटेत पाय सोडून उठता येतं. हे मला चौथ्या फेरीला एका केबिन क्रूच्या मुलीने दाखवलं. 'आजी, इथे हात द्या' म्हणाली आणि माझी बोटं धरून त्या खाचेवर ठेवली. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मात्र दांडी खाली हवी.

कोणी सीट बदलून मागितली तर आधी नंबर विचारा. आइलच्या बदल्यात आइल असेल तर जरूर द्या. मधली असेल तर 'गुडघ्याचा त्रास आहे हो' एवढं म्हणा. त्यात अपराधी वाटून घेऊ नका, तुम्ही महिना आधी बसून ती सीट घेतली आहे. दारं बंद झाल्यावर एखादी रांग रिकामी दिसली तर स्वतःहून उठून जाऊ नका, क्रूला विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात.

११. परतीची सीट वेगळा विचार करून घ्या

मुंबईहून रात्री पश्चिमेला निघालात की रात्र लांबत जाते, हिवाळ्यात तर जवळजवळ सगळी वाट अंधारातच जाते. परतताना उलटं: पूर्वेकडे येताना रात्र आखूड होते आणि झोप लागते न लागते तोच खिडकीतून ऊन येतं. लंडनहून रात्री निघून मुंबईला येताना विमान आग्नेयेकडे चाललेलं असतं, म्हणून सूर्य डाव्या अंगाला उगवतो. झोपायचं असेल तर उजवीकडची, एच किंवा के बरी. उगवता सूर्य बघायचा असेल तर ए. ड्रीमलायनरला खिडकीची खाली ओढायची झडप नसते, खालच्या बटणाने काच गडद होते, आणि क्रू सगळ्या काचा एकदम गडद करून ठेवू शकतो. सूर्योदयासाठी ए घेतली असेल तर हे आधी माहीत असू द्या.

मागच्या परतीला ह्यांनी हौसेने ए घेतली होती आणि मी त्याच रांगेत सी. मध्ये एक कॉलेजची मुलगी होती, ती रात्रभर झोपली. पहाटे ह्यांनी तिच्यावरून वाकून माझ्या हातावर टिचकी मारली आणि काचेकडे बोट दाखवलं. खाली ढग, वर नारिंगी कड. मी उठून वाटेतच उभी राहून बघितलं, आणि मग तशीच मागच्या पँट्रीपर्यंत दोन फेऱ्या मारून आले.